साबणाची फोड करणारा माणूस

या सदरात एरवी मी बायकांबद्दलच लिहिते. आज एका पुरुषाबद्दल लिहिणार आहे, तोही फ्रान्समधला आणि १८८९ साली वारलेला. मैत्रिणी विचारतील, हे काय मध्येच? पण साबण, लोणी, तूप, मेणबत्ती, तोंडाला लावायचं क्रीम, आपला अर्धा दिवस ज्या वस्तूंच्या संगतीत जातो त्यांच्या आत नक्की काय काय आहे, हे पहिल्यांदा वेगवेगळं काढून दाखवलं ते या गृहस्थांनी. मिशेल युजेन शेव्रल हे त्यांचं नाव. शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, त्यामुळे रसायनशास्त्र जेवढं मला समजलं तेवढंच सांगते.

शेव्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ चा, पश्चिम फ्रान्समधल्या आंझे या गावचा. वडील डॉक्टर. मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती झाली. गावच्या चौकात गिलोटिन उभी राहिली, शाळा बंद पडल्या. असल्या दिवसांत पोराचं शिक्षण म्हणजे घरी जमेल तेवढं. पुढे गावात नव्या पद्धतीची सरकारी शाळा निघाली, तिथे त्याला रसायनाची गोडी लागली आणि १८०३ साली, सतराव्या वर्षी, तो पॅरिसला गेला. तिथे निकोला व्होक्लां नावाचे मोठे रसायनतज्ज्ञ होते. हे व्होक्लां स्वतः शेतमजुराच्या घरातून वर आलेले. त्यांच्या हाताखाली शेव्रल कामाला लागले. पॅरिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमशी, म्हणजे जिथे बाग, प्राणिसंग्रह आणि प्रयोगशाळा सगळं एका आवारात आहे त्या संस्थेशी, त्यांचा जो संबंध जुळला तो पुढे ऐंशीहून जास्त वर्षं टिकला.

आता मूळ गोष्टीकडे येते. १८११ साली एका कापड कारखानदाराकडून त्यांच्याकडे साबणाचा एक नमुना तपासायला आला. डुकराची चरबी आणि पोटॅश, म्हणजे राखेतला खार, यांपासून केलेला मऊ साबण. यात काय आहे ते सांगा, एवढंच काम. दुसऱ्या कुणी दोन दिवसांत अहवाल लिहून दिला असता आणि विषय संपला असता. शेव्रल यांची मात्र या साबणानं पुढची बारा वर्षं घेतली.

का घेतली, ते कळायला साबण कसा होतो ते आधी आठवावं लागेल. आमच्या बचत गटात आम्ही खोबरेल तेलाचा साबण करायला शिकवतो. तेल मोजायचं, कॉस्टिक सोडा जपून पाण्यात सोडायचा, तो निवला की तेलात ओतायचा आणि घोटत बसायचं. बघता बघता मिश्रण दाट होतं, साच्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी वडी पडते. पहिल्याच वर्गात एका बाईंनी विचारलं होतं, की एवढं तेल गेलं कुठे? हाताला तेलकट लागत नाही, पाण्यावर तरंगत नाही, उलट तेलाचे डाग काढतं. तेल यात आहे की नाही? अडाणी प्रश्न नव्हे हा. १८११ साली युरोपातल्या विद्वानांनाही याचं धड उत्तर माहीत नव्हतं. साबण हजारो वर्षं होत होता, मार्सेचे साबणवाले गब्बर झाले होते, पण आतमध्ये घडतं काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेल आणि खार आहेत तसेच एकमेकांना चिकटून बसतात, असा साधारण समज.

शेव्रल यांनी तो साबण भरपूर पाण्यात पातळ केला आणि ठेवून दिला. सगळा साबण काही विरघळला नाही. तळाशी एक साका बसला, तोही साधा नाही, मोत्यासारखा चकाकणारा. आपल्यापैकी कुणी असता तर ते पाणी हलवून ओतून दिलं असतं! त्यांनी तो साका गाळून वेगळा काढला आणि त्यावर आम्ल घातलं. खार आम्लाकडे गेला आणि वर राहिला एक पांढरा, चरबीसारखा पदार्थ. तो गरम अल्कोहोलमध्ये विरघळला, थंड झाल्यावर त्याचे सुयांसारखे स्फटिक आले. दिसायला चरबी, पण लिटमस लाल करत होता. म्हणजे हे आम्ल होतं. चरबीच्या पोटात आम्ल! मोत्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यांनी याचं नाव ठेवलं मार्गारिक आम्ल. साबणाचा जो भाग पाण्यात विरघळून गेला होता त्यातून दुसरं, तेलासारखं पातळ आम्ल निघालं, ते ओलेइक. पुढे मेंढीच्या चरबीतून तिसरं, स्टिअरिक.

आणि उरलेल्या पाण्यात? ते आटवल्यावर एक गोड, चिकट द्रव मिळाला. तो स्वीडनच्या शेले यांना १७७९ मध्येच सापडला होता, पण त्याचं नातं कुणी लावलं नव्हतं. शेव्रल यांनी त्याला गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्लिसरीन हे नाव दिलं. हिवाळ्यात टाचांना लावतो तेच हे ग्लिसरीन. मग त्यांनी वजनं केली. निघालेली आम्लं आणि ग्लिसरीन यांचं एकत्र वजन मूळ चरबीपेक्षा जास्त भरलं! त्यांनी बरोबर ताडलं, की चरबी फुटताना पाणी आत घेतलं जातं. तेव्हा आमच्या त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तेल तेल म्हणून उरतच नाही. ते फुटतं, त्यातली आम्लं खाराशी जोडी जमवतात तोच साबण, आणि ग्लिसरीन एकटं पडतं.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची एक सवय. एखादा पदार्थ मिश्रणातून वेगळा काढला, तरी तो खरंच एकच आहे, की अजून दोघं हातात हात घालून उभे आहेत, हे ठरवायचं कसं? डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शेव्रल पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, स्फटिक काढायचे, ते किती अंशाला वितळतात ते बघायचे. पुन्हा विरघळवायचे, पुन्हा स्फटिक, पुन्हा तापमापक. द्रवणांक बदलत राहिला म्हणजे अजून मिसळ आहे. कितीही वेळा केलं तरी तोच आकडा आला की थांबायचं. तूप कढवताना आपण बेरीचा रंग आणि वास बघून ठरवतो, तिथे त्यांनी आकडा आणला. पदार्थ शुद्ध आहे का याची ही कसोटी पुढे रसायनाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत गेली. वेगळं कसं काढायचं आणि ओळखायचं कसं, यावर त्यांनी १८२४ साली एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

नुसत्या डुकराच्या चरबीवर ते थांबले नाहीत. माणसाची, मेंढीची, बैलाची, हंसाची, एवढंच काय जॅग्वारची चरबीसुद्धा त्यांनी तपासली. माणसाच्या चरबीतही तीच आम्लं निघाली. फक्त प्रमाण वेगळं. पित्ताशयातल्या खड्यांमधून एक पदार्थ निघाला, तो खाराला दादच देईना, त्याचा साबणच होईना. त्याला त्यांनी नाव दिलं कोलेस्टेरीन. आज रक्ताच्या रिपोर्टमध्ये ज्याच्याकडे पाहून आपला जीव खालीवर होतो ते कोलेस्टेरॉल ते हेच. देवमाशाच्या डोक्यातल्या मेणातून ग्लिसरीन निघालंच नाही, भलताच पदार्थ निघाला. तो आज सिटिल अल्कोहोल या नावानं कितीतरी क्रीम आणि कंडिशनरच्या डब्यांवर लिहिलेला असतो. हल्ली तो वनस्पती तेलांपासून करतात. १८१५ साली त्यांनी मधुमेह्याच्या लघवीतली साखर आणि द्राक्षातली साखर एकच असल्याचं दाखवलं, ते वेगळंच.

लोण्याचं काम तर खास आपलं म्हणावं असं. लोणी जुनं झालं की खवट वास येतो, तो कशाचा? शेव्रल यांनी लोण्याचा साबण केला, त्यावर आम्ल घालून घट्ट आम्लं वर आणली आणि गाळून टाकली, आणि खालचं पाणी फेकलं नाही! ते ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ धरून, पुन्हा थंड केलं. वाफेबरोबर काही वासाची आम्लं आली होती. त्यांचे बेरियमबरोबर क्षार केले. काही क्षार पाण्यात चटकन विरघळतात, काही हळू, तेवढ्या फरकावर त्यांनी ती एकेक सोडवली. लोण्यावरून ब्युटिरिक, शेळीच्या लॅटिन नावावरून कॅप्रोइक आणि कॅप्रिक. तुपातली भेसळ ओळखायची जी जुनी चाचणी आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्येही रुळलेली आहे, राइशर्ट-माइसल आकडा काढायची, ती जवळजवळ याच वाटेनं जाते. तुपाचा साबण करायचा, आम्ल घालायचं, वाफेबरोबर येणारी आम्लं पकडायची आणि मोजायची. दुधाच्या तुपात ती भरपूर असतात आणि डालड्यासारख्या वनस्पती तुपात जवळपास नसतातच. आकडा घसरला की काहीतरी मिसळलंय असा संशय घ्यायला जागा होते.

१८२३ साली हे सगळं काम एका जाडजूड ग्रंथात आलं. दोन वर्षांनी शेव्रल आणि त्यांचे मित्र गे-ल्युसॅक यांनी मेणबत्तीचं पेटंट घेतलं. तेव्हा गरिबाच्या घरात जळायची ती चरबीची बत्ती. ती गळायची, धूर सोडायची, वात सारखी कापावी लागायची आणि खोलीभर उग्र वास. मधमाशीच्या मेणाच्या बत्त्या चर्चला आणि श्रीमंतांना परवडायच्या. चरबी जळताना तिच्यातल्या ग्लिसरीनचा डोळ्यांना झोंबणारा धूर होतो, आणि ओलेइक आम्लानं बत्ती मऊ पडते. दोन्ही काढून टाका, उरलेल्या घट्ट आम्लाची बत्ती करा, ती कडक राहील आणि स्वच्छ जळेल, असं साधं गणित. पण धंदा दोघांना जमला नाही. पद्धत खर्चिक पडली. १८३१ च्या सुमारास द मिली नावाच्या माणसानं स्वस्त चुना वापरून ते जमवलं, आणि मग त्या बत्त्या घरोघर गेल्या. संध्याकाळनंतर बायकांचं शिवणटिपण त्या उजेडात किती सोपं झालं असेल, ते लोडशेडिंग काढलेल्या आपल्याला कुणी सांगायला नको.

दरम्यान १८२४ मध्ये त्यांना पॅरिसच्या गोबलां या सरकारी गालिचा कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख नेमलं होतं. तिथे तक्रार होती की काळा रंग फिका बसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे डोळ्यांना तो काळा उतरलेला दिसत होता. दुकानात काठ निराळा असला की तीच साडी निराळी दिसते, हा आपला रोजचा अनुभव. त्यांनी त्याचा नियमच बसवला, १८३९ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि ठिपक्याठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या जॉर्ज सरासारख्या चित्रकारांनी ते पुढे मन लावून वाचलं. रंगांचा हा भाग एका वेगळ्या लेखाचा आहे, इथे लांबवत नाही.

त्यांच्या आणखी एका कामाचा मात्र उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण गावात काम करताना मला त्याची आठवण येते. दोऱ्याला अंगठी बांधून ती पाऱ्यावर धरली की आपोआप झोके घेते, म्हणून त्यात काही शक्ती आहे, असं तेव्हा भलेभले मानत. शेव्रल यांनी स्वतः करून पाहिलं, अंगठी हलली. मध्ये काच धरली, थांबली. मग त्यांनी डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्याला काच घालायला-काढायला सांगितलं. आता काचेचा काही परिणाम होईना! हलवत होता तो आपलाच हात, नकळत. १८३३ मध्ये त्यांनी हे आंपेअर यांना पत्रानं कळवलं आणि १८५४ मध्ये पुस्तकच काढलं. तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणाऱ्या आपल्याकडच्या पाणाड्यांना डोळे बांधून त्याच शेतात दुसऱ्यांदा फिरवलं, तर काय होईल ते बघण्यासारखं आहे.

घरचं म्हणाल तर १८१८ मध्ये सोफी दव्हाले हिच्याशी त्यांचं लग्न झालं, एक मुलगा झाला, आंरी. १८६२ साली सोफी गेली. मी जी चरित्रं वाचली त्यांत तिच्याबद्दल एवढंच आहे, जन्मभर प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाचं घर चौवेचाळीस वर्षं चालवणाऱ्या बाईबद्दल दोन ओळी! चरबीतल्या एकेक आम्लाची नावं मिळतात, तिची आवडनिवड कुठे मिळत नाही. असो.

मानसन्मान खूप मिळाले. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक, नंतर म्युझियमचं संचालकपद. वय वाढत गेलं तरी काम थांबलं नाही. १८७१ च्या जानेवारीत जर्मन तोफांचे गोळे म्युझियमच्या आवारात पडले, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्यानं त्याचा जाहीर निषेध नोंदवला. १८८६ साली शंभरी मोठ्या थाटात साजरी झाली. प्रसिद्ध छायाचित्रकार नादार आणि त्यांचा मुलगा यांनी तेव्हा शेव्रल यांच्याशी गप्पा मारत फोटो काढले आणि ते एका साप्ताहिकात छापून आले. जगातली पहिली फोटो-मुलाखत म्हणून तिचं नाव घेतात. आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावं कोरली गेली त्यांत त्यांचंही आहे. (त्या ७२ मध्ये बाई एकही नव्हती. गणिती सोफी जेर्मेंचं लवचीक पत्र्यांच्या कंपनांवरचं काम असूनसुद्धा.) टॉवरचं उद्घाटन ३१ मार्च १८८९ ला झालं. त्याच सुमारास मुलगा आंरी वारला, आणि ९ एप्रिलला शेव्रल गेले. वय वर्षं १०२. अंत्यविधी नोत्र दाममध्ये झाला.

आता मोत्यासारख्या चकाकणाऱ्या त्या पहिल्या आम्लाचं सांगायचं राहिलंय. १८५२ साली फ्रान्सच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेनं शेव्रल यांना चरबीवरच्या कामासाठी १२,००० फ्रँकचं पारितोषिक दिलं. आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या हाइन्ट्स यांनी दाखवून दिलं, की मार्गारिक आम्ल नावाचा एक पदार्थ नाहीच! ते स्टिअरिक आणि पामिटिक या दोन आम्लांचं मिश्रण आहे. पामिटिक वितळतं त्रेसष्ट अंशांच्या आसपास, स्टिअरिक सत्तरच्या जवळ, पण दोघं ठरावीक प्रमाणात एकत्र आले की त्याहून खाली, एकाच ठिकाणी वितळतात आणि स्फटिकही एकत्रच धरतात. शेव्रल यांच्याच कसोटीला ते पुरून उरले होते. हाइन्ट्स यांनी क्षार थोडाथोडा करून खाली बसवला, प्रत्येक खेपेचा द्रवणांक घेतला, तेव्हा ही जोडी फुटली. तोवर नाव मात्र जगभर पसरलं होतं. १८६९ मध्ये मेज-मूरिए यांनी स्वस्त लोण्याला पर्याय म्हणून जो पदार्थ काढला त्याचं मार्गारीन हे नाव या नसलेल्या आम्लावरूनच पडलं.

अशा जोड्या फोडायला पुढे फार बारीक साधनं आली. १९५२ मध्ये, हाइन्ट्सनंतर बरोबर शंभर वर्षांनी, इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी काढली. लांब नळीतून वायूबरोबर मिश्रण सोडायचं, जो घटक आतल्या भरावाला जास्त चिकटतो तो मागे रेंगाळतो, आणि एकेक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. त्यांनी पहिल्यांदा वेगळी केली ती कुठली द्रव्यं? लोण्यातल्या वासाच्या आम्लांसारखीच वाफ होणारी चरबीतली आम्लं! आजच्या शाम्पूच्या बाटलीवर सोडियम लॉरेथ सल्फेट असं एकच नाव असतं, पण ते एक द्रव्य नसून लहानमोठ्या साखळ्यांच्या भावंडांची रांग असते. मळ सोडवणाऱ्या या द्रव्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. ती भावंडं सोडवायला तशाच नळ्या, फक्त द्रव वापरणाऱ्या, आणि मग प्रत्येकाचं वजन सांगून ओळख पटवणारं यंत्र लागतं. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून जो टक्क्यांचा आकडा छापतात तो काढायला मात्र इतकं काही लागत नाही. साबण पाण्यात विरघळवायचा, आम्ल घालायचं, वर येणारी चरबीची आम्लं गोळा करून वजन करायचं. १८११ च्या शेव्रल यांच्या पद्धतीसारखंच.

आणि ते मार्गारिक नाव? सोळा कार्बनांचं पामिटिक आणि अठरा कार्बनांचं स्टिअरिक यांच्या मधली सतरा कार्बनांची जागा रिकामी दिसत होती. ते आम्ल मिळाल्यावर रसायनतज्ज्ञांनी शेव्रल यांचं रिकामं पडलेलं नाव त्याला देऊन टाकलं. नव्या यंत्रांना ते निसर्गातही दिसतं, अगदी थोडं, गाईच्या दुधाच्या स्निग्धांशात. म्हणजे तुमच्या-माझ्या घरच्या लोण्याच्या गोळ्यात किंचितसं मार्गारिक आम्ल असतंच.